वॉकर, फुलर, टकर : एका आडनावाच्या मागावर

मी इचलकरंजीची. सायझिंग, बीम, यंत्रमागांचा खडखडाट, कुठल्या गल्लीत कोणतं कापड निघतं याच्या गप्पा, हे सगळं लहानपणापासून कानावर पडलेलं. पण ते जग सुती कापडाचं. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते अजून अर्धवटच असतं आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं, हे इंग्लंडला जायची तयारी करताना वाचलं आणि मी त्यात गुंतत गेले. कारण त्या उरलेल्या कामावरून इंग्लंडमध्ये आडनावं पडली आहेत. एकाच कामावरून तीन : वॉकर, फुलर आणि टकर.

वॉकर हे ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या वीस आडनावांपैकी एक. ऐकून वाटतं, भटक्या किंवा पायी फिरणाऱ्या माणसाला पडलेलं नाव असेल. हा माणूस चालायचा हे खरं, पण एका जागी, लाकडी हौदात, कापडावर. ताजं विणलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. मेंढीच्या लोकरीतली चरबी त्यात असते, शिवाय सूत कातताना लावलेलं तेल. ते काढायचं आणि विणीतली भोकं बुजवून कापड घट्ट करायचं, या कामाला फुलिंग म्हणतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होतं. नीट तुडवलेल्या कापडात पाणी आणि वारा सहज शिरत नाही. त्या थंड, पावसाळी देशात माणूस उघड्यावर काम करू शकला तो अशा कापडाच्या जोरावर.

चरबी काढायला साबण महाग पडायचा. म्हणून शिळं मूत्र वापरत. ते साठवून ठेवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. घराघरांतून मूत्र गोळा करून गिरण्यांना पुरवलं जाई. लँकेशायरमध्ये त्याला ‘लँट’ म्हणत. दुसरी वस्तू म्हणजे तेल शोषून घेणारी एक माती, फुलर्स अर्थ. ही आपल्या ओळखीची आहे. सणासुदीच्या आधी आपल्याकडे चेहऱ्याला लावतात ती मुलतानी माती हीच. इंग्लंडमध्ये ती सरे परगण्यात रेडहिल आणि नटफील्डच्या आसपास खणली जाई आणि लोकरीच्या धंद्याला इतकी मोलाची होती, की सतराव्या शतकात ती देशाबाहेर न्यायला बंदी होती. त्या हौदात दिवसभर उभं राहणाऱ्याच्या पायांचं काय होत असेल, या विचाराने मी हे प्रकरण सोडू शकले नाही.

तीन आडनावं का, याचं उत्तर नकाशात आहे. इंग्लंडच्या आग्नेयेला, म्हणजे ससेक्स, केंट, सफोक या भागांत या कामगाराला फुलर म्हणत. नैर्ऋत्येला, डेव्हन आणि सॉमरसेटमध्ये, टकर. उत्तरेत आणि मिडलंड्समध्ये वॉकर. आडनावं वंशपरंपरेने चालू लागली ती साधारण १२०० ते १४०० या दोनशे वर्षांत, प्रदेशानुसार पुढेमागे. त्या वेळी ज्या भागात जो शब्द तोंडात होता तो तिथल्या घराण्यांना कायमचा चिकटला. पुढे १८८१च्या जनगणनेतली आडनावं नकाशावर मांडली, तेव्हाही टकर डेव्हनभोवती, फुलर आग्नेयेला आणि वॉकर यॉर्कशायर-लँकेशायरकडे दाटलेले दिसतात. मधली पाचशे वर्षं रोगराई, युद्धं, गिरण्या, रेल्वे हे सगळं होऊनही ही विभागणी पुसली गेली नाही. म्हणून प्रवासही तसाच आखला : टकरांच्या मुलखातून निघायचं आणि वॉकरांच्या मुलखात पोचायचं.

एक्सेटर हे डेव्हनचं मुख्य शहर. फोर स्ट्रीट हा उताराचा रस्ता नदीकडे जातो आणि त्यावर दुकानांच्या मध्येच टकर्स हॉल उभा आहे. विणकर, टकर आणि कापड छाटणारे शिअरमन यांच्या संघाची ही वास्तू. जागा १४७१ मध्ये मिळाली, सुरुवातीला इथे संघाचं प्रार्थनाघर होतं. धर्मसुधारणेच्या काळात प्रार्थनाघरं संकटात आली तेव्हा संघाने ती वास्तू सभागृह म्हणून वापरात आणली आणि वाचवली. १६२० मध्ये राजा पहिल्या जेम्सने संघाला सनद दिली. संघ अजून चालू आहे. वरच्या मजल्यावर भिंतींना कोरीव लाकडी फळ्यांचं आवरण आहे, आणि वर बघितलं की ओकचं कमानदार छत. ज्यांचं काम दुर्गंधीचं होतं त्यांनी कमावलेल्या पैशातून हे सुंदर दालन उभं राहिलं. हे मला फार आवडलं. आपल्याकडे अंगमेहनतीच्या किती जातींना स्वतःच्या नावाची अशी वास्तू पाचशे वर्षं टिकवता आली, हा प्रश्न तिथे उभी असताना मनात आला. तो अजून तसाच आहे.

तिथून खाली नदीकडे गेलं की रॅक स्ट्रीट लागते. धुऊन तुडवलेलं कापड ज्या लाकडी चौकटींवर ताणून वाळवत त्या चौकटींना इथे रॅक म्हणत. कापड ओलं असताना आक्रसतं, वाकडंतिकडं होतं, म्हणून त्याच्या कडा आकड्यांत अडकवून ते ताणून धरावं लागे. शहराबाहेरच्या मोकळ्या उतारांवर या चौकटींच्या रांगा असत. घाटाजवळ क्रिकलपिट मिल आहे. नदीचं पाणी पाटाने वळवून इथे चाकं फिरवली जात आणि कापड कुटलं जाई. सीलिया फाइन्स नावाची बाई घोड्यावरून इंग्लंडभर फिरली आणि १६९८ मध्ये एक्सेटरला आली. सर्ज कापड आधी मूत्रात भिजवतात, मग साबण लावून गिरणीत टाकतात, आणि मोठमोठ्या दातांसारखे लाकडी ठोकळे ते कुटतात, हे तिने बारकाईने लिहून ठेवलं आहे. शहरात येणारे रस्ते कापडाने लादलेल्या घोड्यांनी भरलेले असत हेही तिने नोंदवलं. हॉलंडला जहाजं भरभरून सर्ज जायचं तो हा काळ. घाटावरचं विटांचं कस्टम हाऊस त्याच भरभराटीत, १६८० च्या सुमारास, बांधलेलं. मी तिथल्या बाकावर बसून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. हे सगळं पाणी एकेकाळी कामाला जुंपलेलं होतं.

आता गिरणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आडनावाची खरी गंमत तिथे आहे. पाण्यावर चालणारी फुलिंगची गिरणी इंग्लंडमध्ये बाराव्या शतकातच आली. धर्मयुद्धांत लढणाऱ्या टेम्पलर शिलेदारांच्या ११८५च्या जमिनीच्या पाहणीत अशा दोन गिरण्यांची नोंद आहे : एक यॉर्कशायरमधलं न्यूसम, दुसरी ग्लॉस्टरशायरमधल्या टेम्पल गायटिंगजवळची बार्टन. म्हणजे आडनावं घट्ट होण्याच्या आधीच यंत्र आलेलं होतं. १९४१ मध्ये एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांतीच म्हटलं. त्यांचं म्हणणं पुढे काहींनी खोडून काढायचा प्रयत्न केला, तरी मला ते पटतं. कारण गिरणी आली की गिरणीचा मालक आला. कापड माझ्याच गिरणीत आणा, घरी तुडवू नका, असा हट्ट सेंट ऑल्बन्सच्या मठाने धरला आणि गावकरी त्यावरून मठाशी झगडले. यंत्रावर कोणाची सत्ता, हे भांडण यंत्रमागाच्या गावात वाढलेल्या मला नवीन नाही. तर कित्येक वॉकर घराण्यांच्या मूळपुरुषाने कापडावर पाऊलही ठेवलं नसेल, तो गिरणीत लाकडी हातोड्यांवर लक्ष ठेवत असेल. पाय गेले, पायांवरून पडलेलं नाव राहिलं.

ते हातोडे प्रत्यक्ष बघायचे तर लँकेशायरमध्ये हेल्मशोअरला जावं. मँचेस्टरच्या उत्तरेला, रॉसेनडेलच्या खोऱ्यात हे लहानसं गाव. इथली हायर मिल १७८९ मध्ये टर्नर घराण्याने ऑग्डन नदीकाठी बांधली आणि १९६७ पर्यंत तिथे काम चालू होतं. (टर्नर हेही धंद्यावरून आलेलं आडनाव, लेथवर लाकूड कातणाऱ्याचं.) दगडी भिंती, आत गारवा, ओलसर लाकडाचा वास. मोठं पाणचक्र दालनाच्या आतच आहे. त्याला जोडलेले ओकचे अजस्र हातोडे एका खोलगट लाकडी पेटीत पडतात, उखळात मुसळ पडावं तसे, पण जरा तिरके. त्या तिरकेपणामुळे पेटीतलं कापड प्रत्येक ठोक्याबरोबर थोडंथोडं फिरत राहतं आणि सगळीकडे सारखा मार बसतो. पायाने तुडवणारा माणूस हेच करायचा, टाचेने कापड फिरवत राहायचा. लाकडाने त्याची चाल उचलली आहे. दाखवणारे गृहस्थ सत्तरीचे असावेत. मी विचारलं, कापड किती आटतं? त्यांनी दोन्ही हात पसरले आणि मग बरेच जवळ आणले. कुटणं कधी थांबवायचं हे कारागीर कापड बघून ठरवायचा. जास्त झालं तर कापड गोधडीसारखं घट्ट होऊन वाया जायचं.

तिथेच टीझल नावाच्या काटेरी वनस्पतीची वाळलेली बोंडंही पाहिली. तुडवून झालेल्या कापडावर ही बोंडं घासली की बारीक लव उभी राहते, मग शिअरमन मोठ्या कात्रीने ती एकसारखी छाटतो. बोंडाचे काटे टोकाला वाकलेले असतात. बोट लावून पाहिलं, टोचतं पण अडकत नाही, जास्त ताण आला तर काटाच मोडतो. कापड फाटत नाही ते यामुळे. हे पीक मुख्यतः सॉमरसेटमध्ये घेत.

लँकेशायरची डोंगररांग ओलांडली की यॉर्कशायरचं हॅलिफॅक्स. वॉकर आडनावाचं काळीज या भागात आहे असं मला वाटतं. १३७९च्या डोईपट्टीच्या यादीत या वेस्ट रायडिंग भागातल्या माणसांची नावं आहेत, बऱ्याच ठिकाणी धंदाही लिहिलेला आहे आणि वॉकर भेटत राहतात. इथली जमीन शेतीला नापीक, उतारांवर पाणी मात्र मुबलक. त्यामुळे घरोघरी विणकाम आणि ओढ्याओढ्यावर गिरणी. वाळवायच्या चौकटींना इथे टेंटर म्हणत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डॅनियल डिफो या डोंगरांतून गेला तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरापाशी टेंटर आणि त्यावर ताणलेलं कापड त्याला दिसलं होतं. उघड्यावर वाळणाऱ्या कापडाची राखण कशी करणार? हॅलिफॅक्सने भयंकर उत्तर काढलं. साडेतेरा पेनी किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरला, की गिबेटवर शिरच्छेद. पडत्या पात्याचं हे यंत्र फ्रान्सच्या गिलोटिनच्या कितीतरी आधीचं. १६५० मध्ये ते शेवटचं वापरलं गेलं. गिबेट स्ट्रीटवर आज त्याची प्रतिकृती उभी आहे. पावसात उभी राहून मी वर बघत होते, आणि साडेतेरा पेनीच्या कापडासाठी गेलेल्या माणसांचा विचार मनातून जात नव्हता. कापड किती मोलाचं होतं हे कळलं, पण ते कळून बरं वाटलं नाही.

शहराच्या मध्यावर पीस हॉल आहे, १७७९ मध्ये उघडलेला. घरी विणलेलं कापड विकायला व्यापाऱ्यांच्या ३१५ खोल्या आणि मध्ये भलंमोठं चौकोनी अंगण. डागडुजी करून २०१७ मध्ये तो पुन्हा खुला झाला. आता तिथे कॉफीची दुकानं आहेत, मुलं पळत असतात.

इथून हे आडनाव जगभर गेलं. स्कॉटलंडमध्ये ते स्वतंत्रपणेही तयार झालं, कारण तिथेही हाच शब्द होता, शिवाय गेलिक भाषेतल्या ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’ अशा नावाच्या घराण्यांनी पुढे वॉकर हे इंग्रजी रूप घेतलं. तिथल्या हेब्रिडीज बेटांवर बायका टेबलाभोवती बसून, गाणी म्हणत, हाताने कापड आपटून घट्ट करायच्या; ही पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकली. आपल्या जात्यावरच्या ओव्यांशी तिचं नातं मला जवळचं वाटतं. अमेरिकेत वॉकर पहिल्या तीस आडनावांत आहे, २०१०च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक लोकांचं, आणि त्यांतले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय. गुलामगिरीचा इतिहास त्या आकड्यात आहे. अशाच गुलामांपैकी एक क्वॉक वॉकर. याने मॅसॅच्युसेट्समध्ये १७८१ मध्ये स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी न्यायालयात दाद मागितली आणि त्या खटल्यांमधून त्या राज्यातली गुलामगिरी संपायला मोठा हातभार लागला. धंद्याचं नाव मालकांबरोबर समुद्र ओलांडून गेलं आणि पुढे एका माणसाच्या मुक्तीच्या कागदांवर आलं.

आपल्याकडे ते आलं मुंबईच्या बसमधून. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नकला १८२० मध्ये जॉन वॉकर या तरुणाने किराणा दुकान चालवायला घेतलं. त्याच्या घराण्याची व्हिस्की जगभर गेली आणि १९०८ मध्ये टॉम ब्राऊन या चित्रकाराने तिच्यासाठी लांब ढांगा टाकणारा माणूस काढला. बेस्टमध्ये कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तनी याच व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे पडद्यावरचं नाव दिलं. ते दारूला शिवत नसत.

वेल्समधलं टोनीपँडी या खेपेला राहून गेलं. ‘पँडी’ म्हणजे वेल्श भाषेत फुलिंगची गिरणी, आणि वेल्सच्या नकाशावर पँडी नावाच्या जागा जागोजाग सापडतात. कोणी जाणार असाल तर त्या बघा. हेल्मशोअरचं संग्रहालय आणि टकर्स हॉल दोन्ही रोज उघडी नसतात, तेव्हा वेळा आधी पाहून जा. हेल्मशोअरला हातोडे चालवून दाखवायची वेळ मुद्दाम विचारून घ्या, आणि पेटीजवळ उभं राहायला मिळालं तर जरूर राहा. तो ठोका छातीत जाणवतो.