कापलेले पट्टे

वापरलेले क्रिकेटचे साहित्य गोळा करून, दुरुस्त करून गावाकडच्या शाळांना पोहोचवण्याचे काम मी ठाण्यातून करतो. साहित्य मिळवणे हीच मोठी अडचण असेल, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात साहित्य पुष्कळ येते, पण ते देणाऱ्याच्या मापाचे असते. प्रौढ पुरुषाची शॉर्ट हँडल बॅट आणि मांडीपर्यंत येणारे पॅड ढिगाने येतात. सहावीतल्या मुलीला पेलणारी पाच नंबरची बॅट मात्र क्वचित हाती लागते.

बॅट दुरुस्त करता येते आणि त्या कामाचा मला अभिमान आहे. पावसाळ्यात गॅलरीच्या कोपऱ्यात उभ्या ठेवलेल्या बॅटचा टो, म्हणजे खालचे टोक, ओल पिऊन फुगतो. ती सावलीत आडवी ठेवून काही आठवडे सुकू द्यायची, चिरेत लाकडाचा गोंद भरून शिकंजात आवळायची, पॉलिश पेपरने घासायची, दोरा गुंडाळायचा आणि मग हँडलचा सांधा टाळून कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. तेल जास्त झाले तर बॅट जड आणि मठ्ठ होते. चेंडू टोलवून पाहिला की आवाजावरूनच ती सावरली की नाही ते कळते.

हेल्मेटचे असे काहीच कळत नाही. आतला फोम दबला जाऊन आघात शोषतो. एकदा जोराचा चेंडू बसला, तर वरचे कवच चकाकत असले तरी कापडाखालचा फोम कामातून गेलेला असू शकतो. म्हणून जुने हेल्मेट कोणालाही द्यायचे नाही, असा माझा नियम आहे. पट्टे कापायचे, कवचावर लाल रंगाची फुली मारायची आणि ते भंगारात टाकायचे.

त्या दिवशी वाडा, विक्रमगड करत आम्ही जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत पोहोचलो. पोती उघडल्यावर त्यांतल्या एकात नऊ हेल्मेटे निघाली. आमच्या सहकाऱ्याने ते पोते न तपासताच गाडीत चढवले होते. काम लवकर उरकण्याची ही सवय मी त्याला अनेकदा बोलून दाखवली आहे. मी व्हरांड्यात बसून पट्टे कापू लागलो, तेव्हा क्रीडाशिक्षक धावत आले.

“सर, हे काय करताय? हेल्मेटशिवाय आमच्या मुलींना लेदर बॉलच्या सामन्यात उतरूच देत नाहीत.”

मी फोमविषयी समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे जुन्या हेल्मेटपेक्षा उघडं डोकं बरं, असं का?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. १९९८ मध्ये ढाक्यात भारताचे क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, क्षेत्ररक्षणाला उभे होते आणि डोक्याला लागलेल्या चेंडूने त्यांचा जीव गेला. २०१४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचे फलंदाज फिलिप ह्यूज यांच्या डोक्यावर हेल्मेट होते, तरी मानेवर बसलेला चेंडू त्यांना भोवला. क्रीडाशिक्षक सरांची बाजू आणि माझी बाजू या दोन मृत्यूंच्या मधे कुठेतरी अडकलेली होती. कनिष्ठ गटाचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो. मोठ्यांच्या चेंडूपेक्षा हलका खरा, पण कपाळावर बसला तर तो फरक कोण मोजत बसणार? मी नऊही पट्टे कापले, फुल्या मारल्या. मग मापाच्या बॅटा शोधून मुलींच्या हातात देण्यात दुपार गेली आणि ते पोते गाडीत परत टाकायचे राहून गेले. ही चूक सर्वस्वी माझी.

तीन आठवड्यांनी सरांनी फोटो पाठवला. मुलगी फलंदाजीच्या पवित्र्यात उभी आहे, पाच नंबरची बॅट तिला अगदी बेतल्यासारखी बसली आहे आणि डोक्यावर हेल्मेट आहे. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा कवचावर माझी लाल फुली दिसली. कापलेल्या पट्ट्याच्या जागी परकराची नाडी ओवून हनुवटीखाली नीट गाठ मारली होती. खाली सरांनी लिहिले होते, “पहिलाच सामना जिंकलो.”

मी अभिनंदन कळवले नाही आणि रागही धरू शकलो नाही. स्पर्धेसाठी हेल्मेट सक्तीचे करणाऱ्यांनी ते शाळांना पुरवण्याची सोय केली असती, तर ती गाठ मारायची वेळ आली नसती. पण पट्टे कापताना मी तरी सरांपुढे दुसरा कोणता मार्ग ठेवला होता? यंदा बॅटांच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढून मी चार नवी हेल्मेटे घ्यायची ठरवली आहेत. त्यासाठी मुलींच्या डोक्यांची मापे हवीत, म्हणजे आधी सरांना फोन करायला हवा.