विषुववृत्तावर स्वेटर कसला नेतेस?

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरच्या गॅलापागोस बेटांवर जायचं ठरलं सप्टेंबरात आणि बॅग भरताना पहिलं भांडण झालं ते स्वेटरवरून. "अगं, विषुववृत्तावर चाललोय आपण, स्वेटर कसला नेतेस?" असं म्हणून नवऱ्याने स्वतःच्या बॅगेत चार हाफ पँटी नि सहा टीशर्ट कोंबले आणि चेन ओढून मोकळा झाला. मी काही बोलले नाही, गपचूप स्वेटर आणि विंडचीटर तळाशी सरकवला.

तर गंमत अशी की बेटं विषुववृत्तावर असली तरी जून ते नोव्हेंबर तिथलं पाणी चांगलंच गार असतं, कारण दक्षिणेकडून हम्बोल्ट नावाचा सागरी प्रवाह थंड पाणी घेऊन येतो आणि पश्चिमेच्या बाजूला समुद्राच्या खोलातलं पाणी वर येतं. त्या पाण्यात खाद्य भरपूर, म्हणून मासे भरपूर, म्हणून पक्षी भरपूर, आणि म्हणूनच तर तिथे पेंग्विनसुद्धा आहेत. पेंग्विन जिथे सुखाने राहतो तिथे आपण हाफ पँटीत उतरणार, हे जरा डोकं चालवलं असतं तर कळलं असतं 😅 डिसेंबर ते मे मात्र उलटं, पाणी कोमट, ऊन कडक आणि मधूनमधून पाऊस.

विमानतळावर आमच्या सामानाची झडती झाली. बेटांवर बाहेरचं बी, फळ, किडा काहीही जाऊ नये म्हणून इक्वाडोरच्या मुख्य भूमीवरच, क्वितो किंवा ग्वायाकिल शहरात, बॅगा तपासून सील करतात. आदल्या विमानात मिळालेलं सफरचंद माझ्या साइडच्या खिशात तसंच राहिलेलं, ते निघालं आणि मी सगळ्या रांगेसमोर शाळेत पकडल्यासारखी उभी. बुटांच्या तळव्यातली मातीही निघण्याआधी घासून काढा. आणि डॉलर कॅशमध्ये ठेवा, इक्वाडोरचं चलन अमेरिकन डॉलरच आहे आणि नॅशनल पार्कची फी परदेशी मोठ्या माणसाला २०० डॉलर, ऑगस्ट २०२४ पर्यंत १०० होती.

आता मास्क, म्हणजे स्नॉर्केलिंग करताना, पाण्यावर तरंगत खाली बघायला, डोळ्या-नाकावर लावतात तो. यावर मी तासभर बोलू शकते. मला चष्मा आहे, चांगला चार नंबरचा, म्हणून मी नंबरवाला मास्क करून घेतला आणि सगळ्या सामानात तीच सगळ्यात शहाणपणाची खरेदी ठरली. नव्या मास्कच्या काचेवर आतून एक चिकट थर असतो, तो घरीच टूथपेस्टने चोळून काढला नाही तर काच धुरकट होत राहते, आणि रोज उतरायच्या आधी बेबी शाम्पूचा एक थेंब आतून फिरवायचा नि जरासं खळबळायचं, बास. नवऱ्याचा मास्क महागातला, तरी नाकाखालून पाणी आत यायचं. पट्टा घट्ट कर, सैल कर, दुसरा मास्क लावून बघ, सगळं झालं. शेवटी गाइडने त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या ओठावरून बोट फिरवून दाखवलं. मिशी! केसांमुळे रबर चामडीला नीट टेकतच नाही. पण लग्नाच्या आधीपासूनची मिशी ती, दोन दिवस तो नाकात खारट पाणी घेत पोहला पण काढली नाही.

दुसरी चूक माझी. आभाळ ढगाळ होतं, वारा गार होता, त्यामुळे ऊन लागतंय असं वाटलंच नाही. पाठीला फुल बाह्यांचा रॅशगार्ड (पोहायचा घट्ट टीशर्ट) होता म्हणून ती वाचली पण खाली बघत तरंगताना पोटऱ्या नि मांड्यांची मागची बाजू वरच असते, हे डोक्यातच आलं नाही. रात्री पालथं झोपावं लागलं. सनस्क्रीनपेक्षा पोहायची लांब टाइट्स न्या, समुद्रालाही बरं.

बेटावर उतरायचं ते बरेचदा रबरी होडीतून थेट गुडघाभर पाण्यात, याला वेट लँडिंग म्हणतात. म्हणजे मागे पट्टा असलेले सँडल, पटकन वाळणारा टॉवेल, आणि कॅमेऱ्यासाठी तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग. एस्पान्योला बेटावरच्या गार्डनर बे या किनाऱ्यावर मी वाळूत बसून पाय पुसत होते तर सी लायनचं पिल्लू थेट माझ्या बुटापाशी येऊन हुंगायला लागलं. प्राण्यांपासून २ मीटर लांब राहायचा नियम आहे, पण पिल्लाला तो कोण सांगणार, मीच एका पायावर उड्या मारत मागे सरकले आणि सुका मोजा ओल्या वाळूत गेला. जोड्या जास्तीच्या न्या.

हेअर ड्रायर, दोन चांगले ड्रेस, जाडजूड पुस्तक यातलं काहीही बाहेर निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी बार्तोलोमे बेटाला पेंग्विन दिसणार म्हटल्यावर नवरा सकाळीच बाथरूममध्ये शिरला आणि बाहेर आला तो बिनमिशीचा. मी ओळखलंच नाही एक सेकंद. पाण्यात त्याच्या मास्कसमोरून एक पेंग्विन सुळकन गेला, वर आल्यावर ओरडून ओरडून सांगत होता, दात कडकडा वाजत होते. होडीत चढला, वारा सुटलेला, त्याने काही न बोलता हात पुढे केला आणि मीही काही न बोलता स्वेटर दिला. उरलेले चारही दिवस तो मला परत मिळाला नाही.