यिममधला ‘म’

‘ह्मोंग’ आणि ‘मंगोल’ ही नावं लागोपाठ उच्चारून पाहा. एकाच घरातली वाटतात. मलाही वाटली, आणि त्या वाटण्यापायी माझे दोन महिने गेले.

मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलमध्ये राहते. १९७५नंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेल्या ह्मोंग लोकांची इथे मोठी वस्ती आहे. आमच्या शेजारच्या आजी त्यांच्यातल्याच. उन्हाळ्यात त्या बाजारात गवती चहा आणि मिरच्या विकतात. त्यांच्या नातीने एकदा सांगितलं, की आजींच्या आईच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पूर्वज बर्फाच्या, लांबच लांब रात्रींच्या देशातून आले, म्हणजे मंगोलियाकडून. साविना नावाच्या फ्रेंच मिशनऱ्यानेही १९२४ साली ह्मोंग लोकांचं मूळ उत्तरेकडच्या अशाच थंड मुलखात शोधलं होतं. मला संध्याकाळच्या भाषाविज्ञानाच्या वर्गासाठी दोन भाषांची तुलना करायचीच होती. विषय घरासमोर उभा होता.

शंभर शब्दांची यादी केली. पाणी, डोळा, कुत्रा, घोडा, मी, तू, एक ते दहा. मंगोल शब्द कोशातून घेतले, ह्मोंग शब्द रोमन लिपीतल्या कोशातून. आठवड्याभरात मला एक जोडी सापडली आणि मी हरखून गेले. मंगोल भाषेत आठ म्हणजे ‘नाइम’, ह्मोंगमध्ये वाय, आय, एम, म्हणजे ‘यिम’! धावत जाऊन नातीला दाखवलं. तिने तो शब्द वाचला. ‘यी.’ घशातून, खालच्या पट्टीत, शेवटी किंचित करकरत. त्यात ‘म’ नव्हताच.

ही रोमन लिपी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लाओसमध्ये मिशनऱ्यांनी बसवली. ह्मोंग शब्दांच्या शेवटी येणारी अक्षरं त्यांनी सुरांच्या खुणांसाठी वापरली. शेवटचा ‘बी’ म्हणजे चढा सूर, ‘एम’ म्हणजे खालचा करकरता सूर. ‘ह्मोंग’ हे नावसुद्धा या लिपीत ‘बी’ने संपतं, आणि तो ‘ब’ कुणी उच्चारत नाही. नातीने मला एकच ‘पॉ’ सात सुरांत म्हणून दाखवला. गोळा, मादी, फेकणे, प्लीहा, काटा, आजी, दिसणे. सात वेगळे शब्द. माझ्या कानाला पहिल्या दिवशी त्यातले तीनच वेगळे ऐकू आले. त्या रात्री मी अख्खी यादी पुन्हा लिहिली, या वेळी कानाने. जमवलेल्या जोड्यांपैकी बहुतेक गळाल्या.

आमच्या प्राध्यापिकाबाईंनी उरलेल्या जोड्या पाहून एवढंच विचारलं, की यात नियम कुठे आहे? मला मराठी-हिंदी आठवलं. वीस-बीस, वाघ-बाघ, विंचू-बिच्छू, वीज-बिजली. जिथे आपला ‘व’, तिथे त्यांचा ‘ब’, आणि हे पुन्हा पुन्हा. नातं सिद्ध होतं ते अशा पुनरावृत्तीने. माझ्या यादीत मंगोल ‘मी’ म्हणजे ‘बी’ आणि ह्मोंग ‘मी’ म्हणजे ‘कू’. पाणी ‘उस’ आणि ‘डे’. कुणाचं कुणाशी नियमाने जुळत नव्हतं.

मग व्याकरणाकडे वळले आणि तिथे या दोन भाषा एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या दिसल्या. ह्मोंग शब्द बदलतच नाही. ‘कू नॉ मॉ’, म्हणजे मी-खा-भात. काळ दाखवायला वेगळा शब्द येतो. मोजताना मात्र वस्तूच्या आकाराप्रमाणे मधला शब्द बदलतो. कागद आणि पुस्तक यांना नाम एकच, पण मोजताना ‘डाइ’ म्हटलं की सपाट कागद आणि ‘फाउ’ म्हटलं की पुस्तक. आपण ‘तीन जण’, ‘पाच नग’ म्हणतो, त्याचं हे फुललेलं रूप. मला ही व्यवस्था फार आवडली.

मंगोल उलट शेपट्या जोडत जाते. ‘हून’ या अर्थाचा प्रत्यय शब्दातला स्वर पाहून स्वतःचा स्वर ठरवतो. घर ‘गेर’, घराहून ‘गेरेस’. पुस्तक ‘नोम’, पुस्तकाहून ‘नोमोस’. मोठा भाऊ ‘आख’, भावाहून ‘आखास’. आणि ‘बी खोल इदेद यावसन’ हे वाक्य मी शब्दाला शब्द लावून पाहिलं: मी, जेवण, खाऊन, गेले. एकही शब्द हलवावा लागला नाही!

त्यात ग्रहांची नावं आंगारग, बुद, बरखसबाद, सुगर, सांचिर. अंतराळ म्हणजे ‘सान्सार’. कविता म्हणजे ‘शुलेग’, तो आपला श्लोक. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द उइगुर आणि तिबेटी मुलखांतून वाट काढत तिथवर पोचले. ही यादी समोर ठेवली आणि माझ्या प्रश्नाचा निकाल लागला. नुसत्या सारखेपणावर नातं ठरवायचं तर ह्मोंगच्या आधी मराठीच मंगोलची बहीण ठरेल. ती तशी नाही. शब्द उसने आलेले आहेत आणि वाक्याची ठेवण आपोआपच जुळली आहे. ह्मोंगचं कूळ ह्मोंग-म्येन, दक्षिण चीनपासून व्हिएतनाम-लाओसपर्यंतचं. मंगोलचं कूळ निराळं.

लिपींवर मी निबंधात दोनच परिच्छेद दिले, पण त्यातलं एक मनातून जात नाही. मंगोलांची जुनी लिपी वरून खाली उतरते. मंगोलिया देशात १९४०च्या दशकात तिच्या जागी सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेची लिपी, आली. ह्मोंग लोकांसाठी १९५९मध्ये शाँग लू यांग या शेतकऱ्याने स्वतः लिपी घडवली, आणि त्याला तोवर कुठलीच लिपी लिहिता-वाचता येत नव्हती. १९७१मध्ये त्याची हत्या झाली. त्याच्या लिपीत स्वर आधी लिहितात आणि वाचतात नंतर. ‘कि’ची वेलांटी आपण आधी काढतो ना, तसं, पण प्रत्येक अक्षराला.

निष्कर्ष आजींना सांगणं मला जड गेलं. नात दुभाषी झाली. आजी गवती चहाच्या जुड्या बांधत ऐकत होत्या. आईने सांगितलेलं खरंच आहे, असं त्या म्हणाल्या आणि बांधत राहिल्या. भाषेच्या कुळावरून माणसं कुठून चालत आली ते सगळं कळत नाही, हे मी निबंधात लिहिलं होतंच; तेही त्यांना सांगितलं.

मी त्यांना ‘पॉ’ अशी हाक मारते. आजीचा ‘पॉ’ आणि काट्याचा ‘पॉ’ दोन्ही खालच्या पट्टीतले, फरक फक्त श्वासाचा. कित्येक आठवडे मी त्यांना काटा म्हणत होते आणि त्या दर वेळी शांतपणे दुरुस्त करत होत्या. शेवटी ‘भ’ म्हणताना आवाजात जो श्वास मिसळतो, तो त्या ‘पॉ’च्या स्वरात मिसळून पाहिला. आजींनी मान वर केली आणि एक जुडी माझ्या हातात दिली.