तान्ह्या पोळ्याची गच्ची

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, अख्खं नागपूर मारबतीची मिरवणूक बघायला इतवारीत उतरतं आणि त्याच गर्दीतून काळे टीशर्ट घातलेले आम्ही बारा-पंधरा हेवी मेटल ऐकणारे वाट काढत काढत एका जुन्या घराच्या गच्चीवर पोचतो. २००८ पासून. मधलं एक वर्ष सोडलं तर एकदाही चुकलं नाही. मंडळाला नाव नाही, पावतीबुक नाही, अध्यक्ष नाही, एक स्पीकर आहे (आता तिसरा), दोन सतरंज्या आहेत आणि घराची मालकीण असलेली आजी आहे. यंदा अधिक महिना आला म्हणून पोळा पार सप्टेंबरात गेलाय, तरी ग्रुपवर कालपासूनच कोण काय आणणार सुरू झालंय, आणि मी पेपर तपासायचे सोडून हे लिहीत बसलेय.

सुरुवात गच्चीवर नाही, ट्रेनमध्ये झाली. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा मुंबईत बीकेसीला शो होता, त्यांच्या त्या वर्ल्ड टूरचा पहिलाच शो, आणि गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः पायलट, बँडचं विमान तोच उडवायचा. मी तेव्हा बीएस्सी फायनलला. मामेभाऊ सोबत येतो म्हणाला म्हणून घरून परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी परतीची विदर्भ एक्सप्रेस पकडली, स्लीपरच्या डब्यात बघते तर या टोकाला दोन काळे टीशर्ट, त्या टोकाला तीन, सगळ्यांचे घसे बसलेले. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. तोवर प्रत्येकाला वाटायचं की नागपुरात हे ऐकणारे आपण एकटेच, कारण तेव्हा एक गाणं मिळवायचं म्हणजे सायबर कॅफेत बसायचं नाहीतर बर्डीच्या दुकानात कोणाकडून तरी सीडी राईट करून घ्यायची, घरी हेडफोन लावून ऐकायचं आणि आईनं विचारलं तर काय सांगायचं हा प्रश्नच. इगतपुरीच्या आधीच आम्ही सगळे एका कम्पार्टमेंटमध्ये, बडनेऱ्याला सकाळ झाली तरी कोणी झोपलं नव्हतं.

नावं तेव्हा नीट लक्षात राहिली नाहीत, मोहल्ले राहिले. ते तसेच चिकटले. इतवारीवाला, महालवाला, हिंगणावाला, काटोलवाला, रामदासपेठचा दादा. मी धरमपेठवाली ताई.

इतवारीवाला म्हणाला, आमच्या घरासमोरून मारबत जाते, या बघायला. त्या वर्षी गेलो.

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. मारबत म्हणजे कागद-बांबूचे मोठ्ठे पुतळे, काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, दोघींची नेहरू पुतळ्यापाशी भेट होते, सोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात, त्यांच्या गळ्यात महागाई, भ्रष्टाचार, जे काय त्या वर्षी लोकांना छळतंय त्याच्या पाट्या. आणि सगळा रस्ता ओरडत असतो, इडापीडा, रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत! मग गावाबाहेर नेऊन जाळतात. ढोल, गुलाल, धूर, अंगावर येणारा आवाज. ज्याला हेवी मेटल म्हणजे काय कळत नाही त्याला मी कधी समजावत बसत नाही, म्हणते एकदा तान्ह्या पोळ्याला इतवारीत उभं राहून बघ.

तर पहिल्या वर्षी हिंगणावाला हाताला बँडेज बांधून आला होता. एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेसवर होता, महिन्याभरापूर्वी डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक प्रेसखाली गेलं. ट्रेनमध्ये सगळ्यात जास्त बोलणारा हाच, गिटार वाजवायचा, स्वतःचा बँड काढायचा म्हणायचा. त्या दिवशी कोपऱ्यात बसून होता, पुरणपोळीलाही हात लावला नाही. पिवळी मारबत खालून जायला लागली तसा उठला, कठड्यापाशी गेला आणि जीव खाऊन ओरडला, "माह्या बोटाची पीडा घेऊन जा गे मारबत!" खालच्या लोकांनी लगेच साथ दिली, त्यांना काय माहीत वर कोण आहे, पण रस्त्यावरच्या शेकडो लोकांनी त्याच्या बोटासाठी ओरडलं. हा तिथेच खाली बसला आणि रडायला लागला.

मग रामदासपेठच्या दादानं त्याच्या शेजारी मांडी घातली आणि ब्लॅक सॅबथ बँडच्या गिटारिस्टचं, टोनी आयोमीचं सांगितलं. मला माहीत होतं, बहुतेकांना माहीत होतं, पण तेव्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. बर्मिंगहॅमचा पोरगा, सतरा वर्षांचा, शीट मेटलच्या कारखान्यात कामाला आणि कामाचा शेवटचाच दिवस, त्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या त्याच हातानं. सगळं संपलं म्हणून घरी बसला होता तर कारखान्याचा फोरमन एक रेकॉर्ड घेऊन आला, जँगो राइनहार्ट या गिटारिस्टची, ज्याचा हात आगीत भाजला होता आणि जो दोनच बोटांनी असं वाजवायचा. मग आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून चामडं लावलं, बोटांना झेपाव्यात म्हणून तारा पातळ घेतल्या, पुढे ट्यूनिंग खाली उतरवलं म्हणजे तारा सैल होतात, आणि त्यातून तो जड, खोल आवाज निघाला. १३ फेब्रुवारी १९७० ला ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम आला. दादा म्हणाला, "आपण जे ऐकून राह्यलो नं भाऊ, थे एका कामगाराच्या तुटलेल्या बोटातून आलंय. तुह्यासारख्याच."

पुढच्या तान्ह्या पोळ्याला हिंगणावाला गिटार घेऊन आला. औषधाच्या बाटलीचं प्लास्टिक आणि जुन्या चपलेचं चामडं. आवाज घासल्यासारखा यायचा, दोनदा टोपी निघून सतरंजीवर पडली, पण त्यानं पूर्ण वाजवलं. नुकसानभरपाईचे पैसे मात्र त्याला चार वर्षं मिळाले नाहीत, दर वर्षी तो तेवढंच सांगायचा आणि आम्ही तेवढंच ओरडायचो.

नियम तिथूनच पडला. मिरवणूक पुढे गेली की सगळे गोल करून बसतात, एकेकानं उठायचं, वर्षभर काय छळतंय ते सरळ सांगायचं, सल्ला कोणी द्यायचा नाही, शेवटी सगळ्यांनी मिळून घेऊन जा गे मारबत, आणि मग त्यानं एक गाणं लावायचं, ते संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. बस. दहाला स्पीकर बंद, कारण दहानंतर कायद्यानं बंदी आहे आणि शेजारी लेकरं झोपतात. व्हॉल्यूमच्या बटणावर मी नेलपॉलिशची खूण केलीय, त्याच्या वर कोणी नेत नाही, आमच्या ड्रमरच्या कानात आता चोवीस तास शिट्टी वाजते आणि ती मारबतही नेत नाही, म्हणून नवीन पोट्ट्यांना मी प्रत्येक वेळी सांगते की शोला जाताना कानात प्लग घाला, यात काही कमीपणा नाही.

आजीबद्दल लिहायचं राहिलंच. पहिल्या दोन वर्षी ती खालीच असायची, पाटवडी रस्सा आणि सांबारवडी वर पाठवायची. तिसऱ्या वर्षी धापा टाकत वर आली, दारात उभी राहून पाहू लागली. गाणं चालू होतं आणि सगळ्यांचे हात वर, तर्जनी आणि करंगळी उभी. गाणं संपल्यावर म्हणाली, "हे बोटं काहून करता असे?" इतवारीवाल्याला वाटलं आता आजी रागावणार. मी सांगितलं की आजी, हे रॉनी जेम्स डिओ नावाच्या गायकामुळे सगळीकडे पसरलं, तो सॅबथमध्ये होता, त्याची आजी इटलीची, कोणाची वाईट नजर लागू नये म्हणून ती असं करायची, तिच्याकडून त्यानं उचललं. नुकताच त्या मे महिन्यात तो वारला होता, २०१० साली, म्हणून माझ्या डोक्यात ताजं होतं.

आजी थोडा वेळ विचार करत राहिली.

"म्हणजे थो दृष्ट काढून राह्यला," ती म्हणाली. "मंग बरोबर हाय." आणि सतरंजीवर बसली. तेव्हापासून ती मंडळात आहे, स्वतःची पीडाही सांगते, गुडघे, धाकटा मुलगा फोन करत नाही, एका वर्षी तर म्हणाली मोतीबिंदूची भीती वाटते. गाणं तिचं आम्ही निवडतो.

पीडा बदलत गेल्या. सुरुवातीला बॅकलॉग, नोकरी लागत नाही, मुलगी दुसऱ्या जातीची आहे, घरी सांगायचं कसं. मग होमलोन, मिहानच्या कंपनीतली रात्रपाळी, मूल होत नाही, बदली. आता शुगर, बीपी, आईवडिलांची आजारपणं, पोराची नीट. माझं तर ठरलेलं असायचं, शाळेत शिकवायचं सोडून बाकी सगळी कामं, इलेक्शन ड्युटी, सर्वेक्षण, अमुक माहिती आजच्या आज भरा, आणि वर्गात साठ लेकरं वाट बघतायत. काटोलवाल्याची संत्र्याची बाग आहे, आणि तान्हा पोळा नेमका अशा दिवसांत येतो जेव्हा पावसानं आंबिया बहाराची फळं गळत असतात. तो येतानाच सांगतो की आज सकाळी झाडाखाली किती पडली होती. एका वर्षी त्यानं गळलेल्या हिरव्या संत्र्यांची पिशवीच आणली आणि मधोमध ओतली, बोलला काहीच नाही. आम्ही ओरडलो. त्यानं लावलेलं गाणं अकरा मिनिटांचं होतं आणि अकराही मिनिटं सगळे त्या संत्र्यांकडे बघत होते.

२०२० ला मिरवणूकच निघाली नाही. आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो, पण सगळ्यांचा आवाज पुढेमागे यायचा, एकत्र ओरडताच आलं नाही. रामदासपेठचा दादा त्या वर्षी कॉलवर होता. पुढच्या वर्षी नव्हता. एप्रिलमध्ये बेडसाठी रात्रभर फिरलो होतो आम्ही, त्यावर यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. त्याची जागा कठड्याच्या डाव्या कोपऱ्यात आहे, तिथे अजून कोणी बसत नाही.

गेल्या वर्षीचं सांगते. माझ्या आईला पार्किन्सन्स आहे, तीन वर्षं झाली. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, गोळी अर्धा तास इकडेतिकडे झाली की सगळा दिवस बिघडतो, रात्री झोप नाही. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कला सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्नचा शेवटचा शो होता, सॅबथचे मूळचे चौघं वीस वर्षांनी एकत्र येणार होते, मी जागून मोबाईलवर बघत होते. आईही जागी. ऑझीलाही पार्किन्सन्स, उभं राहता येत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून गात होता, मधेच उठायचा प्रयत्न करायचा. आईनं चष्मा मागितला. खूप वेळ बघितलं, मग म्हणाली, "याचाही हात थरथरते का गं?" मी हो म्हटलं. "अन् इतके लोक समोर," ती म्हणाली, आणि स्वतःचा हात, जो ती पाहुण्यांसमोर कायम पदराखाली लपवते, तो बाहेर काढून मोबाईल नीट धरायला लागली. सतराच दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. आईला मी दोन दिवस सांगितलंच नाही.

हे सगळं मी गच्चीवर सांगितलं, महिन्याभरानं. गाणं अर्थात त्याचंच.

माझ्यानंतर महालवाल्याची पाळी. हा माणूस पहिल्या वर्षापासून येतो आणि पहिल्या वर्षापासून एकच वाक्य बोलतो, "माह्यं काही नाही, चालू द्या." मग गाणं लावतो. सतरा वर्षं आम्ही कोणी त्याला खोदून विचारलं नाही, नियमच तसा आहे. गेल्या वर्षी त्यानं मुलीला आणलं होतं, नऊ-दहा वर्षांची, हातात लाकडी बैल, सगळ्यांकडून बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याला लेकरांना देतात ते पैसे-खाऊ, गोळा करून झाला होता तिचा. तो म्हणाला, "माह्यं काही नाही..." आणि ही त्याच्या मागून उभी राहिली.

"बाबा रात्री झोपत नाहीत," ती म्हणाली. "किचनमध्ये लाईट बंद करून बसतात. ते घेऊन जा गे मारबत."

दोन सेकंद कोणालाच आवाज फुटला नाही. पहिली आजी ओरडली. मग आम्ही सगळे. त्यानं गाणं लावलं नाही. फोन हातात धरून बसून राहिला, मुलगी त्याच्या मांडीवर, तिचा बैल सतरंजीवर आडवा पडलेला, आणि मग हळूहळू बोलायला लागला, धंद्यातलं कर्ज, भावाशी कोर्टकचेरी, बायकोला अर्धंच माहीत असलेलं. दहाला स्पीकर बंद करायला कोणी उठलं नाही कारण स्पीकर चालूच नव्हता. पावणेबारा वाजता आजीनं खाली जाऊन चहा टाकला. तो अजून बोलत होता.