इन्व्हर्टर घेताना अडलं ते फ्रिजपाशी

पेडण्यात पावसाळ्यात माडाची एक झावळ तारांवर पडली की लाईट दोन-तीन तास तरी जाते. इन्व्हर्टर घ्यायला गेलो, तर दुकानात पहिला प्रश्न, "किती व्हीए?" (व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, इन्व्हर्टरच्या ताकदीचं माप.) खरं तर तो शेवटी विचारायचा. आधी काय चालवायचं ते ठरवावं लागतं.

माझी यादी अशी: ७५ वॅटचे ३ पंखे, ९ वॅटचे ६ बल्ब, १२ वॅटचा राउटर, मिळून २९१ वॅट. मिक्सर, इस्त्री आणि विहिरीवरचा १ एचपीचा पंप सरळ वगळले. राहिला फ्रिज. चालू असताना १२० वॅट, पण कॉम्प्रेसर उचलताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर म्हणजे पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी प्रत्यक्ष वॅट किती, ते प्रमाण) ०.८ धरून ७२० वॅट. पंखे चालू असताना फ्रिज उसळला की ओव्हरलोड. म्हणून ११०० व्हीए घेतला, तोही प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाईटसारखी गुळगुळीत लहर देणारा. स्क्वेअर वेव्हच्या चौकोनी लहरीवर पंखे घुमतात ते सोसता येतं, कॉम्प्रेसर तापतो ते नाही.

बॅटरी १५० एएचची (अँपिअर-तास), उंच ट्युब्युलर, म्हणजे आत नळीच्या आकाराच्या प्लेटी असलेली. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, ३५० वॅटला पाच तास, हा हिशोब कागदावरच राहतो. १५० हा आकडा २० तासांत, म्हणजे ७.५ अँपिअरने उपसली तर. फ्रिज धरून सरासरी ३५० वॅटला, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज मोजून, बॅटरीतून ३४ अँपिअर जातात; तेवढ्या ओढीला ११० एएचच्या आसपास हाती लागतात. म्हणजे जेमतेम तीन तास. दुसऱ्या बॅटरीपेक्षा ३० वॅटचे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे बसवणं शहाणपणाचं. तेवढ्यानं वेळ पाच तासांवर गेला.

इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला यूपीएस (कॉम्प्युटरसाठी) आणि इन्व्हर्टर असा स्विच असतो. संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरलं, की यूपीएस मोड लाईट असूनही बॅटरीवर जातो, आणि खरी लाईट गेली की बॅटरी रिकामी! घरात कॉम्प्युटर नसेल तर इन्व्हर्टर मोडच ठेवावा.

बॅटरीची वायर मात्र वायरमनवर सोडू नये. ८०० वॅटला ७५-८० अँपिअर वाहतात. ४ चौरस मिमीची वायर दोन मीटर लांब ओढली, तर जाऊन-येऊन जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातो; बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून ओरडतो. निदान १६ चौरस मिमी, आणि शक्य तेवढी आखूड.

खाऱ्या हवेत बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे वायर जोडायच्या टोकांवर, हिरवट-पांढरा थर चढतो. इन्व्हर्टर बंद करून, बॅटरीची झाकणं घट्ट लावून, खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं ब्रशनं घासायचा, कोरडं पुसायचं, नट आवळायचा आणि मग वरून व्हॅसलीन. आत मात्र डिस्टिल्ड वॉटरच, तेही खुणेपर्यंत. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी नाही.