छापखान्यातील फाइली आणि त्यांचे पत्ते

आज राजारामपुरीतील एका छापखान्यात, मॅकवर साठलेल्या पत्रिका आणि बिलबुकांच्या डिझाइन फाइली ग्राहकांनुसार लावून ठेवणारी ॲपलस्क्रिप्ट, म्हणजे मॅककडून कामे आपोआप करून घेणारी आज्ञावली, लिहिली. फाइली हलवण्याचे काम किरकोळ होते. दिवस खर्ची पडला तो त्यांच्या पत्त्यांवर, म्हणजे फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे सांगण्याच्या रीतीवर. मॅकवर फाइली दाखवणाऱ्या फाइंडर या प्रोग्रॅमकडून मिळालेल्या पत्त्याचे मजकुरात रूपांतर केले, की तो जुन्या मॅकच्या रीतीने येतो, म्हणजे डिस्कच्या नावापासून सुरू होऊन प्रत्येक फोल्डरनंतर कोलन (:) घेतो. परंतु २००१ साली आलेल्या मॅक ओएस टेन या प्रणालीचा पाया युनिक्स या जुन्या प्रणालीचा असल्यामुळे शेलच्या (म्हणजे मजकुरातून आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आज्ञांना स्लॅशने (/) सुरू होणारा पॉझिक्स पाथ, म्हणजे युनिक्सच्या रीतीचा पत्ताच द्यावा लागतो.

खरी गंमत नावांत होती. येथील मंडळी फाइलच्या नावात ‘१२/२५’ असा जॉब नंबर सर्रास लिहितात, आणि फाइंडर तो मुकाट्याने स्वीकारतो, कारण आतमध्ये त्या स्लॅशच्या जागी कोलन साठवलेला असतो. त्यामुळे पत्त्यातील कोलनच्या जागी सरसकट स्लॅश घालण्याचा सोपा वाटणारा उपाय येथे, नावातला स्लॅशही फोल्डरची खूण ठरत असल्याने, निरुपयोगी ठरतो. रूपांतर ॲपलस्क्रिप्टच्या ‘पॉझिक्स पाथ ऑफ’ यावरच सोपवावे आणि नावांतील मोकळ्या जागांसाठी शेलला पत्ता ‘कोटेड फॉर्म ऑफ’ लावून, म्हणजे अवतरणचिन्हांत घालूनच द्यावा, हे उत्तम.

मालकांना याच फाइली हिशेबाच्या विंडोज संगणकावरही हव्या आहेत. तेथे फाइलच्या नावात स्लॅश चालत नाही आणि कोलनही नाही, म्हणून जॉब नंबर यापुढे आडव्या रेघेनेच लिहावा, असे त्यांना सांगून आलो.