आजोबांच्या घड्याळातली धून

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी आजोबांचं टोल्याचं घड्याळ आहे, दर पंधरा मिनिटांनी धून वाजते, पावला चार सूर, अर्ध्याला आठ, पाऊणला बारा, आणि तास भरला की सोळा सूर होऊन मग टोले. २०१९ च्या पुरात पाणी दारापर्यंत आलं तेव्हा बाबांनी टीव्हीच्या आधी हे घड्याळ माळ्यावर नेऊन ठेवलं होतं.

ही लंडनच्या पार्लमेंटवरच्या बिग बेनची धून असंच आम्ही सगळे समजत होतो. भाची शिकायला केंब्रिजला गेली आणि एक दिवस फोनवर म्हणाली, मामा, आपल्या घड्याळातलं गाणं इथल्या चर्चचं आहे! ग्रेट सेंट मेरीज, युनिव्हर्सिटीचं चर्च, अगदी बाजारचौकाला लागून. १७९३ साली तिथल्या घड्याळासाठी ही धून बांधली, १८५९ ला बिग बेन वाजायला लागलं ते हीच घेऊन, आणि त्या पार्लमेंटच्या वाड्यावरून नाव पडलं वेस्टमिन्स्टर. मला हे फार लागलं, ज्याचं त्याला मिळायला पाहिजे ना.

मग मी तिला रोज विचारत बसलो. आत्ताची इमारत १४७८ ला बांधायला घेतली आणि मनोरा पुरा झाला १६०८ ला, म्हणजे चार पिढ्या तरी त्यात गेल्या असतील. वर जायला १२३ पायऱ्या. आणि डिग्रीच्या मुलांनी टर्ममध्ये या चर्चपासून ३ मैलांच्या आतच राहायचं असा युनिव्हर्सिटीचा नियम, आजही!

पण मला खरं भरून आलं ते दुसऱ्याच गोष्टीने. चर्चच्या समोरच सेनेट हाऊस आहे, गणिताच्या ट्रायपॉसचा, म्हणजे तिथल्या पदवी परीक्षेचा, निकाल तिथे वाचायचे, आणि त्या काळी या चर्चच्या घड्याळात नऊ वाजले की नावं वाचायला सुरुवात. १८९९ ला पहिला नंबर विभागून आला तो आपल्या रघुनाथ परांजप्यांचा, रँग्लर परांजपे (त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येतो तो रँग्लर)! पुढे ते फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले, म्हणजे आपल्या सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजच्याच सोसायटीचं पुण्यातलं कॉलेज. कोकणातल्या मुर्डीचा मुलगा आणि त्याच्या नावाआधी वाजलेली धून आमच्या सोप्यात वाजते.

परवा रात्री भाचीने चर्चखाली उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. आईला घड्याळाखाली खुर्ची दिली. साडेपाच तासांचा फरक असल्यामुळे तिकडे तास भरला तेव्हा इकडे साडेआठ, आमचं घड्याळ आठ सुरांवर थांबलं आणि उरलेली धून फोनमधून येत राहिली. आई हात जोडून ऐकत होती.